चाळीस वर्षे थांबलेली भिंत

मुंबईत काळबादेवीपासून परळ-दादरपर्यंत काळ्या पाषाणात घडवलेले काही जुने मैलाचे दगड अजून तग धरून आहेत. त्यांतले कित्येक पदपथाच्या फरशीखाली आणि डांबराच्या थरांखाली गळ्यापर्यंत गाडले गेले होते. अलीकडच्या वर्षांत ते उकरून, धुऊन पुन्हा पुरत्या उंचीने उभे करण्यात आले. अंगावर मैलांचा रोमन आकडा आणि सेंट थॉमस चर्चचे नाव, एवढाच मजकूर. पण तो वाचताना आपण क्षणभर थबकावे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई आपली सारी अंतरे एका दारापासून मोजत होती, आणि ते दार आजच्या हॉर्निमन सर्कलच्या पश्चिम अंगाला उभ्या असलेल्या एका अँग्लिकन चर्चचे होते. रोह्याशेजारच्या आमच्या धाटावच्या नाक्यावर आपण ‘मुंबई किती लांब’ असे विचारतो, तेव्हा मुंबईच्या नेमक्या कुठल्या उंबऱ्यापर्यंत, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. या दगडांनी त्याचे उत्तर निःशंकपणे कोरून ठेवले आहे. चर्चगेट हे नावही त्याच उंबऱ्याचे. मुंबईच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते, त्यांतला जो या चर्चकडे उघडत होता तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडले गेले, दरवाजा गेला, आणि नाव तेवढे रेल्वेच्या स्थानकाने उचलून घेतले. रोज सकाळी लोकलमधून उतरणारी लक्षावधी माणसे ज्या चर्चचे नाव घेतात, त्याच्या आत पाऊल टाकणारी मात्र थोडीच.

चर्चची वास्तू आपल्या कुंडलिकाकाठच्या माणसांना अगदीच अनोळखी नाही. धाटावला वळसा घालत रोह्याकडे जाणारी ही नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत; नारळी-पोफळींच्या शेंड्यांवरून डोकावणारा सातखणीचा मनोरा लहानपणापासून आपल्या नजरेत मुरलेला आहे. पण रेवदंड्याला आपण पाहतो ती वास्तूची उतरंड: आधी छप्पर गेले, मग कमान गेली, मग भिंतींवर गवत आले. मुंबईच्या सेंट थॉमसचे चरित्र याच्या नेमके उलट आहे. हे चर्च आधी अवशेष झाले आणि मग वास्तू झाले. ही एक गोष्ट मनाशी धरून आपण आत शिरलो, तर त्याचा प्रत्येक खांब आणि प्रत्येक सांधा वेगळ्याच गोडीने दिसू लागतो.

तो अवशेषाचा काळ सुरू झाला जेराल्ड आँजिएपासून. १६६९ ते १६७७ या वर्षांत हा मुंबईचा गव्हर्नर होता; दलदलीच्या सात बेटांत त्याला एक नांदते शहर दिसत होते. त्याने १६७५ साली इथल्या ख्रिस्ती समाजाला चांदीचा एक चषक अर्पण केला. उपासनेच्या वेळी द्राक्षरस ज्यातून घ्यायचा, तो हा पेला. म्हणजे पाहा, देवघराच्या भिंती उभ्या राहण्याआधीच पूजेचे पात्र घडून तयार होते. मला या क्रमाचे फार अप्रूप वाटते. चषकाच्या पाठोपाठ, १६७६ च्या सुमारास, चर्चचा पाया घातला गेला. तेव्हा मुंबईतले इंग्रज मूठभर, आणि तेही हवामानाने पटापट मरणारे. तरी संकल्प मात्र हजार माणसे मावतील एवढ्या प्रार्थनागृहाचा. दुसऱ्याच वर्षी आँजिए सुरतेला वारला. भिंती सुमारे पंधरा फुटांपर्यंत आल्या होत्या. तिथेच त्या थांबल्या, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे थांबून राहिल्या.

कोकणातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. आपल्या प्रत्येक गावात एखादे जोते असते: मुंबईला गेलेल्या कुणीतरी पहिल्या कमाईतून बांधून काढलेले, पुढचे पैसे येतील म्हणून वाट पाहणारे, भोवती रान माजलेले, दगडी पायरीवर दुपारी गुरे विसावणारे. चाळीस पावसाळे म्हणजे काय हे ज्याने उघडी भिंत पाहिली आहे तोच जाणतो. आषाढात ती हिरवी होते, आश्विनात काळी पडते, आणि सांध्यात एकदा पिंपळ रुजला की दगड आपली जागा सोडू लागतो. अशा भिंतींच्या कडेने एक अख्खी पिढी जात-येत राहिली. इंग्रजांची प्रार्थना त्या काळात किल्ल्यातल्या एका खोलीत चालत असे. आत गेल्यावर आपण मुद्दाम बाजूच्या भिंतीपाशी उभे राहावे, जमिनीपासून मनानेच पंधरा फूट मोजावेत आणि तिथे एक आडवी रेघ ओढावी. गिलाव्याखाली असा कुठला सांधा डोळ्यांना दिसत नाही. परंतु या जागेच्या आयुष्यात चाळीस वर्षे त्या रेघेच्या वर नुसते आभाळ होते, हे आठवले की मस्तकावरचे छप्पर केवढी मोठी कमाई आहे याची प्रचीती येते.

ती कमाई रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाची. तो १७१४ साली मुंबईत आला, अर्धवट भिंती पाहून अस्वस्थ झाला, आणि व्यासपीठावरून, पत्रांतून, भेटीगाठींतून त्याने पैशाचा ध्यास घेतला. वर्गण्या जमल्या, काम पुन्हा हाती घेतले गेले, आणि २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च उघडले. ज्याने ते पुरे केले त्याचे पुढे गव्हर्नराशी बिनसले आणि लवकरच त्याला मुंबई सोडावी लागली. पण मनातून त्याने ती सोडली नसावी; चर्च उघडल्याला जवळजवळ अर्धशतक लोटल्यावर, १७६६ साली, त्याने लंडनमध्ये या बांधकामाची हकिगत पुस्तकरूपाने छापली. एका वास्तूचे वेड माणसाला किती वर्षे पुरते, याचा तो पुरावा आहे, आणि त्या नाताळच्या दिवसाचे बरेचसे तपशील आपल्याला मिळतात तेही त्याच्याच लेखणीतून.

त्या तपशिलांतला एक आपल्यासाठी सगळ्यांत मोलाचा आहे. समारंभाला गव्हर्नर चार्ल्स बून आपल्या लवाजम्यासह आला होता. एका बालकाचा बाप्तिस्माही त्या दिवशी झाला. आणि बाहेर, दाराशी, रामा कामती आपल्या जातबांधवांसह सारी उपासना संपेपर्यंत उभा राहून ती पाहत होता. हा रामा कामती म्हणजे मुंबईतला मातब्बर सारस्वत व्यापारी, ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या तुकड्या बाळगणारा, वाळकेश्वराच्या देवळाचा ज्याने त्याच सुमारास जीर्णोद्धार केला तो. एकाच माणसाने तीन-चार वर्षांच्या अंतराने आपल्या शिवालयाचे शिखर चढताना पाहिले आणि परधर्मीयांच्या चर्चचे दार उघडतानाही पाहिले. त्या रीतसर, शांत उपासनेने ही मंडळी प्रसन्न झाली, असे कॉब लिहितो. कॉबच्या समाधानाला आपण थोडे मागे ठेवू आणि रामा कामतीच्या जागी उभे राहू. आत वाद्यांचा गजर नाही, गाभाऱ्यात मूर्ती नाही, नैवेद्य नाही. उंच स्वरात वाचलेला ग्रंथ आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेली उत्तरे एवढेच. चंदन-कापराच्या गंधात वाढलेला तो माणूस या उघड्यावाघड्या भक्तीकडे एवढा वेळ का पाहत राहिला असेल? पाहणाऱ्याचे हे मोठेपण मला त्या दिवसाच्या सगळ्या थाटापेक्षा अधिक भावते.

आणि हा दिवस कुठल्या महिन्यानंतर उगवला तेही आपण, रायगड जिल्ह्याची माणसे, विसरू शकत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात बूनच्या आरमाराने थळसमोरच्या खांदेरीवर हल्ला चढवला होता आणि कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी तो परतवून लावला होता. खांदेरीचा पराभव ताजा असताना हा नाताळ आला. पुढे दोनच वर्षांत, १७२० साली, आंग्र्यांशी फितुरीचा पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून रामा कामतीला दोषी ठरवण्यात आले, मालमत्ता जप्त झाली, आणि तुरुंगातच त्याचा अंत झाला. ज्या पत्रांवरून तो दोषी ठरला ती बनावट होती, हे नंतर उघड झाले. चर्चच्या दारात आदराने उभा असलेला तो माणूस आणि त्याच्यावर खटला चालवणारा, त्या दिवशी आत बसलेला गव्हर्नर, यांच्यामध्ये एका भिंतीचे अंतर होते. अलिबागच्या किनाऱ्यावरून हा इतिहास वाचणाऱ्याला त्या भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात.

भिंतही कसली! या वास्तूच्या जाडीकडे आपण कधी नीट लक्षच देत नाही, कारण बाहेरचा फिकट, शांत रंग ती जाडी लपवतो. तोफगोळाही भेदू शकणार नाही अशा बेताने भिंती आणि छप्पर उभारल्याचे सांगतात, आणि खांदेरीचा तो नोव्हेंबर ठाऊक असलेल्या आपल्याला त्यात काहीच नवल वाटत नाही. समुद्राकडून येणारे संकट हे तेव्हाच्या मुंबईचे रोजचे वास्तव होते. म्हणून देवाचे घरही किल्ल्याच्या मापाने बांधले गेले. परंतु भयापोटी आलेल्या या जाडीने एक देणगी दिली आहे, जिची त्या बांधकाऱ्यांना कदाचित कल्पनाही नसेल. वैशाखातल्या भर दुपारी वीर नरिमन रस्त्याच्या रणरणीतून आपण आत येतो, आणि दोन पावलांत अंगावरचे ऊन गळून पडते. रस्त्याचा कोलाहल भिंतीत जिरतो. लाकडी बाके, लखलखीत पितळ, खांबांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामधून समोर सरकत जाणारी नजर: इथले सौंदर्य नक्षीचे नाही, ते अवकाशाचे आहे. रेवदंड्याच्या रोमन कॅथलिक चर्चची वेदी संतांच्या प्रतिमांनी भरलेली असे, असे आपण मनात आणू शकतो; अँग्लिकन पंथाची वृत्ती संयमाची, म्हणून इथे डोळ्यांना मोकळी जागा पुष्कळ.

थॉमस हे नाव या चर्चला रूढ झाले ते १८१६ साली, कलकत्त्याचे बिशप मिडल्टन यांनी विधिपूर्वक अभिषेक केला तेव्हा. तोवर ते नुसते मुंबईचे चर्च होते. नावाची ही निवड मला अतिशय समर्पक वाटते. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी भारतात आला अशी ज्याच्याविषयी परंपरा आहे, तो हा थॉमस. जुन्या आख्यायिकेत तो बांधकाम जाणणारा आहे. गोंडोफरीस राजाने राजवाडा बांधायला दिलेले धन त्याने दीनदुबळ्यांत वाटून टाकले, आणि राजा संतापला तेव्हा तुझा वाडा स्वर्गात उभा आहे, असे सांगितले. म्हणूनच ख्रिस्ती चित्रकलेत त्याच्या हाती गवंड्याचा गुण्या असतो. बांधकाम अर्धवट राहिलेल्या, पैशासाठी चाळीस वर्षे ताटकळलेल्या या जागेला असा संत लाभावा, हा योग किती सुंदर!

१८३७ साली टॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले आणि चर्चला कॅथीड्रलचा मान मिळाला. मानाबरोबर उंची आली पाहिजे, म्हणून पुढच्याच वर्षी पश्चिमेची बुटकी घंटाघुमटी जाऊन तिच्या जागी घड्याळाचा मनोरा चढला. शास्त्र जाणणारे इथे किंचित नाक मुरडतात: खालचे शरीर अभिजात शैलीचे, साधे आणि सरळ, वरचा मनोरा गॉथिक वळणाचा, दोहोंत एकशेवीस वर्षांचे अंतर. मला मात्र हा विजोडपणाच प्रिय आहे. एका दमात, एका हाताने बांधलेल्या वास्तूचे कौतुक करायला फार अभ्यास लागत नाही. इथे प्रत्येक पिढीने आपल्या काळाच्या आवडीने एक तुकडा जोडला आणि आधीचा पुसला नाही. त्यामुळे मनोऱ्याकडे पाहताना आपण १८३८ पाहतो आणि मान खाली आणता-आणता १७१८ मध्ये उतरतो.

पुढचा तुकडा तर मुंबईच्या सुखदुःखाची नाडीच दाखवतो. चर्चसमोरच्या मैदानात पूर्वी कापसाच्या गाठींचे डोंगर रचलेले असत. १८४४ साली तो व्यापार कुलाब्याकडे हलला. १८६१ नंतर अमेरिकेतल्या यादवीने याच कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैसा मावेना, आणि त्याच भरात जुन्या मैदानाला गोलाकार बांधणीचे देखणे रूप देण्याचे काम सुरू झाले. १८६५ च्या सुमारास जेम्स ट्रुबशॉ या वास्तुकाराने चर्चच्याही नूतनीकरणाचा भव्य आराखडा मांडला. आणि त्याच वर्षी यादवी संपली, कापूस कोसळला, शेअरांचे मनोरे जमीनदोस्त झाले. आराखड्यातला पूर्वेकडचा भाग, म्हणजे वेदीभोवतीचा गाभारा, तेवढा वाढला. उरलेले कागदावर राहिले. प्रार्थनागृहाच्या मध्यातून वेदीकडे चालत जाताना आपल्याला बांधणीचा सूर बदललेला जाणवतो, कमानी टोकदार होतात, आणि ज्या जागी तो सूर सुरू होतो तिथे कापसाच्या तेजीची सीमा आहे असे खुशाल समजावे.

या भिंतींना मूर्ती नाहीत खऱ्या, पण स्मृती आहेत, आणि त्या संगमरवरात बोलतात. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ साली मुंबईतच वारला. त्याचे स्मारक लंडनच्या जॉन बेकन धाकट्याने घडवले. त्यावर हिंदू मुले डंकनला दुवा देताना दाखवली आहेत. बनारस परिसरात आणि पुढे कर्नल वॉकरच्या हातून काठेवाडात जन्मजात मुलींच्या हत्येची प्रथा मोडण्याचे जे प्रयत्न डंकनने केले, त्यांचा हा निर्देश. शिल्पाच्या रेखीवपणाची वाखाणणी कुणीही करील. मला मोहवतो तो शिल्पकाराचा विषय निवडण्याचा विवेक. गव्हर्नराच्या स्मारकावर लढाई दाखवता आली असती, तह दाखवता आला असता. इथे जगू दिलेली लेकरे दाखवली आहेत.

लढाया शेजारीच आहेत. १७८३-८४ मध्ये टिपूच्या वेढ्यात मंगळूर राखणारा कर्नल कॅम्बेल इथे आहे. ज्याच्या जहाजावर १८१५ साली नेपोलियनने स्वतःला इंग्रजांच्या हवाली केले तो मेटलंडही आहे, जो मुंबईच्याच समुद्रात वारला. आणि आहे कर्नल बर्र. हे नाव वाचून मराठी माणसाने पुढे सरकू नये. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानात बापू गोखल्यांच्या घोडदळासमोर इंग्रजी फौजेचा सेनापती हाच होता. त्या संध्याकाळनंतर पेशवाईचे दिवस मोजकेच उरले. आपल्या इतिहासातली एवढी मोठी जखम इथे दुसऱ्याच्या अभिमानाच्या रूपात, नीटस अक्षरांत भिंतीवर आहे. तिच्यासमोर उभे राहताना मनात जे उमटते ते विरस नव्हे. रसिकाला शोकही आस्वादता येतो, आणि शत्रूच्या घरातली आपली आठवण वाचताना तो अधिक खोल जातो.

बाकीच्या गोष्टी भरभर पाहिल्या तरी चालतील. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ज्या खुर्च्यांवर बसली त्या जपलेल्या आहेत. पाहणाऱ्यांची गर्दी तिथेच अधिक होते. १९७० पासून हे चर्च उत्तर भारतीय चर्चच्या संघात आहे, म्हणजे इथल्या मातीचे झाले आहे. आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे जे जतन झाले, त्याला २००४ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार लाभला. उत्तम जतनाची खूण अशी की ते केलेले दिसत नाही. पाहणाऱ्याला जुनेपणच दिसते, फक्त गळके छप्पर आणि ओल दिसत नाही.

बाहेर आल्यावर घाई करू नये. सर्कलच्या पलीकडे १८३३ चा टाउन हॉल आपल्या खांबांसह उभा आहे. जवळच रिझर्व्ह बँक आहे, जिचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली, आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख झाले. त्या काळात कचेरीतून सुटताना या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे त्यांची नजर जात असेल, एवढी कल्पना धाटावकराने करायला हरकत नाही. पण पाय वळवायचे ते चर्चच्याच अंगणातल्या कारंज्याकडे. ते उभारले सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या पैशाने, आणि त्याचा आराखडा केला लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने, ज्याने मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृहही रेखले. इंग्रजांच्या चर्चच्या दारात अग्निपूजकाने दिलेले पाणी! त्याची घडण एखाद्या चर्चचे शिखर हाताएवढे लहान करून जमिनीवर ठेवावे अशी गॉथिक, बारीक आणि ऊर्ध्वगामी. मोठ्या मनोऱ्याला जे नाजूकपण साधले नाही ते या छोट्या दगडी कामाला साधले आहे. स्कॉट हिंदुस्थानात कधीच आला नाही. आपण कागदावर काढलेल्या त्या शिखरावरून मुंबईचा पाऊस कसा ओघळतो, हे त्याला पाहायला मिळाले नाही. आपल्याला मिळते, तेव्हा पावसाळ्यात मुंबईच्या लाँच बंद असल्या तरी रोह्याहून गाडी धरून भर आषाढात एकदा तिथे जावे.